मन भटकते, पण परत येते का?

मालाडहून मार्वेच्या जेट्टीवर यायचे, तिकीट काढायचे, फेरीबोटीत बसायचे आणि खाडी ओलांडून मनोरीला उतरायचे. मधल्या काही मिनिटांत प्रवाशाला करण्यासारखे काहीच नसते. स्कूटर घेऊन चढलेला माणूस तिच्या हँडलवर हात ठेवून उभा असतो. बाजारहाट करून परतणाऱ्या बायका पिशव्या पायाशी घेऊन बसलेल्या असतात. घाई करून बोट लवकर पोहोचत नाही, आणि रस्त्याने जायचे तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा पडतो. म्हणून ही मिनिटे सक्तीने रिकामी असतात. हल्ली त्यात बहुतेक जण मोबाइल काढतात. जे काढत नाहीत, त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे. डोळे पाण्यावर असतात, पण पाणी बघत नसतात. चेहरा सैल झालेला असतो. बोट पलीकडच्या जेट्टीला टेकली, धक्का बसला की माणूस दचकतो आणि भानावर येतो.

या अवस्थेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तंद्री लागणे, ब्रह्मानंदी टाळी लागणे, मनोराज्य करणे, मनातले मांडे खाणे, हवेत इमले बांधणे. गंमत अशी की यातले बहुतेक शब्द आपण थट्टेने नाही तर रागाने वापरतो. ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न शाळेत, घरात, कार्यालयात रोज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. मात्र तोच माणूस एखादे चित्र पाहून किंवा आलाप ऐकून ‘अगदी स्वप्नवत!’ असे म्हणतो, तेव्हा ती सर्वांत मोठी दाद असते. कलेतला स्वप्नाळूपणा गुण आणि पोरातला मात्र खोड, असे आपले दुहेरी माप आहे.

गेल्या काही दशकांत मेंदूविज्ञान आणि मानसशास्त्र या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागले आहे. त्या संशोधनाचे सार एका वाक्यात सांगायचे, तर मन भटकणे हा दोष नाही. हाक मारल्यावर ते परत येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

रिकामा मेंदू रिकामा नसतो

आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो खातो. एखादे अवघड गणित सोडवायला घेतले की हा खर्च खूप वाढत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात तो पाच टक्क्यांहूनही कमी वाढतो. याचा अर्थ, आपण ‘काहीच करत नसतो’ तेव्हाही मेंदूची भट्टी जवळपास तेवढीच पेटलेली असते.

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याबद्दल एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मेंदूचे काही भाग असे आहेत, की समोरच्या कामात लक्ष घातले की ते शांत होतात आणि काम संपले की पुन्हा जागे होतात. हे भाग एकमेकांशी जोडलेले आहेत. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. ‘मेंदूची मुक्कामाची अवस्था’ असे त्याला म्हणता येईल. कामासाठी बाहेर पडायचे आणि काम झाले की तिथे परतायचे.

या मुक्कामात मेंदू काय करतो? जुन्या आठवणी चाळतो. उद्या काय होईल, याची चित्रे रंगवतो. ‘तो मला असे का बोलला असेल?’ म्हणत दुसऱ्याच्या मनात शिरून पाहतो. आपण कोण, आपले काय चालले आहे, याची गोष्ट स्वतःलाच सांगत राहतो. भूतकाळ, भविष्य, इतर माणसे आणि मी, या चार धाग्यांनी दिवास्वप्न विणले जाते. उद्याची आखणी करण्याची माणसाची क्षमता याच विणकामातून येते. म्हणून स्वप्नाळूपणा मुळापासून उपटून टाकता येत नाही, आणि तसे करूही नये.

मन चिंती ते वैरी न चिंती

पण मग माणूस दिवसातला किती वेळ असा ‘दुसरीकडे’ असतो? हार्वर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी आयफोनवरून विचारले, की आत्ता तुम्ही काय करत आहात, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. निष्कर्ष २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होते. जागेपणीचा निम्मा काळ म्हणा ना!

दुसरा निष्कर्ष काळजी करायला लावणारा होता. मन भटकलेले असताना लोक तुलनेने कमी आनंदी होते. अप्रिय विचारांकडे गेलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. पण सुखद कल्पनेत रमलेलेही समोरच्या कामात बुडालेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला हे आधीच ठाऊक होते.

मग दिवास्वप्न वाईटच म्हणायचे का? येथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांचे काम उपयोगी पडते. १९५० च्या दशकापासून त्यांनी दिवास्वप्नांचा अभ्यास केला आणि त्यांचे तीन प्रकार सांगितले. पहिला प्रकार खेळकर आणि रचनात्मक. यात माणूस योजना आखतो, गोष्टी रचतो, कल्पनेत हुंदडतो. दुसरा अपराधी आणि खिन्न. यात जुन्या चुका, भांडणे, अपयशाची भीती यांचे दळण सुरू राहते. तिसरा प्रकार लक्ष टिकतच नसल्याचा. यात मन एका ठिकाणी थांबत नाही, धड कामात नाही आणि धड स्वप्नातही नाही. बाहेरून पाहिले तर तिन्ही माणसे सारखीच दिसतात, खिडकीबाहेर नजर लावून बसलेली. आत मात्र तीन वेगळी हवामाने असतात.

जात्याशी लागलेली तंद्री

पहिल्या प्रकारच्या तंद्रीचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण प्रयोगशाळेतले नसून घरातल्या जात्यापाशी बसलेल्या बाईचे आहे. पहाटेच्या अंधारात दळायला बसायचे. हातांना काम ठाऊक असते. त्याला डोके लागत नाही. जात्याची घरघर एका लयीत चाललेली असते. आणि मन सुटते, माहेरी जाते, भावाकडे जाते, पंढरीला जाते, आणि येताना ओवी घेऊन येते. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या, नावही मागे न उरलेल्या असंख्य बायकांनी हे सगळे पीठ पाडता पाडता रचले.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच परंपरेतल्या. जळगावजवळच्या आसोद्याच्या या शेतकरी बाईला अक्षरओळख नव्हती. घरात आणि शेतात राबताना सुचलेल्या तिच्या ओळी इतरांनी टिपून ठेवल्या, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. मनाला तिने उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. कितीही हाकलले तरी फिरून पिकावर येणारे गुरू. मेंदूचा स्कॅन उपलब्ध नसतानाही मनाची खोड इतकी नेमकी क्वचितच कुणी सांगितली असेल.

हात गुंतलेले आणि मन मोकळे, अशा स्थितीत नवे सुचते का, हे तपासणारा प्रयोग बेंजामिन बेअर्ड, जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. विटेसारख्या साध्या वस्तूचे जास्तीत जास्त वेगळे उपयोग सुचवा, असे लोकांना सांगितले. मध्ये काहींना अवघड काम दिले, काहींना अगदी सोपे, काहींना नुसते बसवले, तर काहींना विश्रांतीच दिली नाही. परतल्यावर त्याच वस्तूंचे उपयोग सुचवण्यात सोपे काम केलेला गट पुढे निघाला. त्याच गटाचे मन मध्यंतरात जास्त भटकले होते. नंतर इतरांनी केलेल्या अशाच काही प्रयोगांत मात्र हा फायदा दिसला नाही. त्यामुळे ‘भांडी घासा आणि प्रतिभावान व्हा’ असा सल्ला कुणी देऊ लागले, तर तो चिमूटभर मिठाबरोबरच घ्यावा. एवढे म्हणता येईल, की मन मोकळे असणे ही सुचण्याची संधी आहे, हमी नाही.

डुलकीच्या उंबरठ्यावर

तंद्री आणि झोप यांच्यामध्ये एक अरुंद उंबरठा आहे. डोळे मिटतात, अंग जड होते, खोलीतले आवाज दूर जातात आणि मिटल्या डोळ्यांपुढे असंबद्ध चित्रे तरळतात. कुणाला पायरी चुकल्यासारखा झटका बसतो. झोपेचा हा सर्वांत उथळ टप्पा काही मिनिटांचाच असतो.

थॉमस एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घेत, ही कथा प्रसिद्ध आहे. झोप लागली की गोळा निसटायचा, आवाजाने जाग यायची आणि डोक्यात तरळणारी कल्पना पकडता यायची. चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९४८ च्या आपल्या पुस्तकात जड किल्लीची अशीच युक्ती सांगितली. पॅरिसमधील सेलिया लाको, देल्फिन उदिएत आणि सहकाऱ्यांनी ती २०२१ मध्ये कसोटीला लावली. १०३ जणांना आकड्यांची कोडी सोडवायला दिली. त्यात एक छुपा नियम होता. तो कळला की उत्तर झटकन मिळत असे, पण तो कुणाला सांगितलेला नव्हता. मध्ये वीस मिनिटे अंधारात, डोळे मिटून, हातात एक वस्तू धरून आराम करायचा. या काळात ज्यांनी झोपेच्या पहिल्या टप्प्यात निदान पंधरा सेकंद काढली, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना पुढे तो नियम सापडला. जागेच राहिलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. आणि जे त्याहून खोल झोपेत गेले, त्यांच्यात अवघे १४ टक्के! उंबरठ्यावर थांबणाऱ्याला लाभ झाला. पलीकडे गेलेल्याचा तो हातचा गेला.

स्वप्नातले हाती लागते, पण निसटतेही लवकर. ऑस्ट्रियात काम करणारे ऑटो लोवी यांना एका रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो खरडून ठेवला, आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचले, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयांवरच्या त्या प्रयोगाने नसा रसायनांच्या मदतीने संदेश देतात हे दाखवून दिले. १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण लक्षात घ्यावे, की या प्रश्नाचा विचार ते कित्येक वर्षे करत होते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ यातला पहिला अर्धा भाग विसरून चालत नाही.

चित्र स्वप्नवत का वाटते?

कलेतला स्वप्नाळूपणा हा नुसता कवीकल्पनेचा मामला नाही. डोळ्यांच्या आणि मेंदूच्या घडणीत त्याची काही कारणे सापडतात. संध्याकाळी मनोरीच्या किनाऱ्यावर क्षितिज पुसट होते, पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे कळेनासे होते. कडा हरवल्या की वस्तू कुठे आहे हे मेंदूला पक्के ठरवता येत नाही. चित्रकार हीच किमया जाणूनबुजून साधतात. क्लोद मोने यांच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्रात लालकेशरी सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी त्याचे कारण सांगितले. तो सूर्य रंगाने भोवतालाहून वेगळा आहे, पण त्याचा उजळपणा आजूबाजूच्या ढगांइतकाच आहे. मेंदूचा जो भाग रंग ओळखतो त्याला सूर्य दिसतो. जो भाग केवळ उजेड-अंधारावरून वस्तूचे ठिकाण आणि हालचाल ठरवतो त्याला तो जवळजवळ दिसतच नाही. दोघांचे एकमत होत नाही आणि सूर्य तरंगू लागतो. मोबाइलवर त्या चित्राचे कृष्णधवल रूप करून पाहा, सूर्य जवळपास नाहीसा होतो.

दुसरी युक्ती कडा पुसण्याची नसून संदर्भ पुसण्याची आहे. मराठी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत घड्याळ, झाडाचे पान, सेफ्टी पिन अशा रोजच्या वस्तू स्वच्छ, रेखीव दिसतात. पण त्या ना टेबलावर असतात, ना भिंतीवर. मोकळ्या अवकाशात, एकमेकांपासून अंतर राखून, त्या नुसत्याच असतात. स्वप्नातही असेच घडते. वस्तू ओळखीची असते, तिचा पत्ता मात्र हरवलेला असतो. तिसरी युक्ती काळाची. तालाशिवाय, तानपुऱ्याच्या सलग नादावर संथ उलगडणारा आलाप ऐकताना पुढचा ठोका कधी पडणार, याची वाट पाहणे सुटते आणि घड्याळ विसरले जाते.

मात्र स्वप्नवत कलाकृती स्वप्नात तयार होत नाही, हे विसरू नये. बरवे वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत. सुचलेले नोंदवत, रेखाटत, तपासत. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक चित्रामागच्या विचाराचा शिस्तशीर मागोवा घेते. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांतला रंग धुक्यासारखा पसरलेला वाटतो. पण ते वर्षाला मोजकीच चित्रे करत, आणि त्यांचा मोठा वेळ विचारात आणि वाट पाहण्यात जाई. विज्ञानही हेच सांगते. रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना अधिक नव्या कल्पना सुचतात त्यांच्या मेंदूत स्वप्ने विणणारे जाळे आणि लगाम धरणारे जाळे यांची जोडणी अधिक घट्ट आढळली. एरवी ही दोन जाळी आलटूनपालटून काम करतात. कलावंताकडे ती एकमेकांशी बोलतात. एक गुरे सोडतो, दुसरा त्यांच्यावर नजर ठेवतो.

‘भटकलो’ हे कळणे

मनोरीच्या शेजारी गोराईला ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथे शिकवल्या जाणाऱ्या ध्यानाची सुरुवात श्वासाकडे लक्ष देण्याने होते. नवा माणूस हिरमुसतो, कारण दहा श्वास होण्याआधीच मन घरी पोहोचलेले असते. पण सराव मन न भटकण्याचा नसून भटकले हे ओळखून परत आणण्याचा असतो.

वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ध्यानाचा सराव असलेल्यांना स्कॅनरमध्ये श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले. मन भटकल्याचे लक्षात आले की बटण दाबायचे. मन भटकलेले असताना स्वप्ने विणणारे जाळे चालू होते. ‘अरे, भटकलो!’ हे कळण्याच्या क्षणी दुसरेच जाळे चमकले, आणि लक्ष श्वासाकडे वळवताना तिसरे. म्हणजे भटकणे, कळणे आणि परतणे ही मेंदूची तीन वेगळी कामे आहेत. यातल्या पहिल्या कामाला शिकवावे लागत नाही. उरलेली दोन सरावाने सुधारतात.

हाक पोहोचत नाही तेव्हा

आणि कधीकधी ही दोन कामे बिघडतात. ‘स्वप्नाळू’ हा प्रेमळ किंवा रागाचा शिक्का तिथे धोकादायक ठरतो, कारण त्याखाली आजार लपून राहतो.

पहिले उदाहरण लहान मुलांचे. साधारण चार ते दहा वर्षांचे मूल बोलता बोलता, घास चावता चावता किंवा खेळतानाच मध्येच थांबते. नजर स्थिर होते, पापण्या किंचित फडफडतात, आणि दहा-पंधरा सेकंदांनी काही झालेच नाही अशा रीतीने मूल पुढे सुरू करते. मधले त्याला काही आठवत नाही. दिवसातून असे अनेकदा होते. ही ‘ॲब्सेन्स सीझर’ म्हणजे फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, तोंडाला फेस येत नाही; म्हणून कुणाला शंकाच येत नाही. शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा मात्र बसतो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. दिवास्वप्न पाहणारे मूल बहुधा कंटाळलेले असताना हरवते आणि नाव घेऊन खांद्याला हात लावला की भानावर येते. झटका आलेले मूल त्या काही सेकंदांत हाकेला आणि स्पर्शाला प्रतिसाद देत नाही. शंका आली तर मोबाइलवर चित्रण करून बालरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ईईजी तपासणीत याचे निदान होते, औषधांनी बहुतेक मुलांचे झटके आटोक्यात येतात आणि अनेकांचे वय वाढेल तसे ते बंद होतात.

दुसरे, शांतपणे हरवणारी मुले. एडीएचडी म्हणजे धडपड्या, एका जागी न बसणारा मुलगा, असा समज आहे. पण त्याचा एक प्रकार केवळ लक्ष न टिकण्याचा असतो. असे मूल दंगा करत नाही; वही हरवते, सूचना अर्धी ऐकते, पान अर्धे सोडते. मुलींमध्ये हा प्रकार बऱ्याचदा नजरेतून सुटतो. शिकण्यावर परिणाम होत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

तिसरे, मनोराज्यात अडकणे. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाचे एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, जे दिवसाचे कित्येक तास स्वतः रचलेल्या गोष्टींत घालवतात. सोबत बहुधा संगीत लागते किंवा येरझाऱ्या घालाव्या लागतात. अभ्यास, नोकरी, नाती मागे पडतात. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात याला अजून स्वतंत्र स्थान नाही. त्रास मात्र खरा असतो आणि त्यामागे अनेकदा चिंता, एकटेपणा किंवा जुनी जखम असते. खिन्न विचारांचे दळण दोन आठवड्यांहून अधिक काळ थांबत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तेही नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

चौथा धोका क्षणाचा आहे. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून बालकवी ठोंबरे गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. आपल्याच विचारांत हरवलेला कवी, अशीच त्यांची शेवटची प्रतिमा मराठी मनात राहिली आहे. आजही मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना दरवर्षी शेकडो माणसे मरतात. कानात इअरफोन असला, तर रुळाची हाकही पोहोचत नाही. गाडी चालवताना येणारी डुलकी त्याहून फसवी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. चहा पिऊन किंवा काच खाली करून झोप उडत नाही; गाडी बाजूला घेऊन थोडे झोपणे हाच उपाय. आणि रोजच दिवसा पेंग येत असेल, रात्री मोठ्याने घोरणे असेल, तर झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची तपासणी करावी.

रिकामी मिनिटे सांभाळा

मनोरी, गोराई, उत्तन, वसई या पट्ट्यात बोंबील डोल जाळ्याने पकडतात. पाण्याच्या ओढीसमोर जाळ्याचे तोंड उघडे ठेवायचे आणि भरती-ओहोटीचा जोर ओसरेपर्यंत थांबायचे. या धंद्यात वाट पाहणे हा कामाचाच भाग आहे. शहरी माणसाच्या दिवसात वाट पाहणे मात्र शिल्लकच राहिलेले नाही. रांग, लिफ्ट, सिग्नल, फलाट, प्रत्येक फट मोबाइलने बुजवली आहे.

स्वतःच्या विचारांसोबत राहणे अवघड असते, हे खरे. व्हर्जिनिया विद्यापीठाचे टिमोथी विल्सन यांच्या २०१४ च्या प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटे रिकाम्या खोलीत नुसते बसवले. सोबत एक बटण होते; ते दाबले की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी पैसेही देऊ, असे आधी म्हणणाऱ्यांपैकी १८ पुरुषांतील १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतील ६ जणींनी नुसते बसण्यापेक्षा बटण दाबणे पसंत केले! आज ते बटण प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून थोडे नियम स्वतःला घालून घ्यावेत. दिवसातली एखादी दहा मिनिटे मोबाइलशिवाय जाऊ द्यावीत. शक्यतो हातांना सोपे काम असताना. भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, नेहमीच्या रस्त्याने चालणे यांना जात्याचीच लय आहे. रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना, चुलीपाशी मात्र तंद्रीला सुट्टी नाही. सुचलेले लगेच, वाचता येईल अशा अक्षरात टिपून ठेवावे. मन एकाच दुखऱ्या जागी फिरून फिरून येत असेल, तर उठावे, कुणाशी बोलावे. एकट्याने ते दळण थांबत नाही.

आणि घरात एखादे मूल खिडकीपाशी हरवलेले दिसले, तर आधी हलकेच हाक मारावी. ते वळले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. वळले, तर ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ असे न ओरडता ‘कुठे गेला होतास?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकायला थांबावे.